नरक्या, एरंडेल आणि आत्याचे तळहात

हल्ली दर आठ-पंधरा दिवसांनी कुणी ना कुणी मला एक बातमी पाठवतंच. कॅन्सरवर नॅनो औषध आलं, सोन्याचे कण थेट गाठीत घुसतात आणि गाठ जाळून टाकतात, चांगल्या पेशींना धक्कासुद्धा लागत नाही, केस जात नाहीत, उलट्या होत नाहीत, वगैरे. खाली कुठल्यातरी उंदराचा फोटो. पाठवणारे आपलेच, वडगावातले शेजारी, खानापूरकडचे पाहुणे, नाहीतर निपाणीचा आत्येभाऊ, आणि पाठोपाठ प्रश्न, "आक्का, हे आपल्याकडं मिळतं काय?" मी बेळगावातल्या एका हॉस्पिटलात किमोच्या औषधांचं काम बघते, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेला डोस तपासायचा, हूडखाली, म्हणजे औषध बाहेर उडू न देणाऱ्या बंदिस्त कपाटापुढं, बसून औषध तयार करायचं, लेबल लावून वॉर्डात पाठवायचं. त्यामुळं असा प्रश्न आला की मला टाळता येत नाही, आणि नुसतं हो किंवा नाही म्हणूनही भागत नाही. खरं उत्तर लांबलचक आहे आणि फोनवर ते सांगायला गेलं की समोरचा मधेच "बरं बरं" म्हणायला लागतो. म्हणून इथं सविस्तर लिहितेय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. नॅनो औषधांनी, म्हणजे अतिशय बारीक कणांत बांधलेल्या औषधांनी, आजवर पेशंटला जे खरोखर दिलंय ते या बातम्यांत नसतं, आणि बातम्यांत जे असतं ते माणसांत अजून फारसं घडलेलं नाही. दिलंय काय, तर जुनीच जालीम औषधं माणसाला सोसवतील अशी केली. मला हे फार मोठं काम वाटतं आणि त्याचं कौतुक कुणी नीट करत नाही याचं वाईटही वाटतं.

सुरवात आमच्या रानापासनं करते. जांबोटी-कणकुंबीकडं, जिथं मलप्रभा उगम पावते त्या जंगलात नरक्या म्हणून एक झाड आहे. पश्चिम घाटात बऱ्याच ठिकाणी सापडतं, फार मोठं होत नाही, फुलोऱ्याला घाण वास. लहानपणी आम्हाला त्याचं काहीच कौतुक नव्हतं. पण या झाडाच्या लाकडात आणि सालीत कॅम्प्टोथेसिन नावाचं एक रसायन असतं, आणि आज जगभर आतड्याच्या, अंडाशयाच्या, फुफ्फुसाच्या कॅन्सरवर जी काही औषधं दिली जातात त्यातली काही याच रसायनापासनं बनतात.

हे रसायन पहिल्यांदा सापडलं ते एका चिनी झाडात, १९६६ साली, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या एका संशोधन संस्थेत. शोधणारे दोघं, मन्रो वॉल आणि मनसुख वाणी. हे वाणी म्हणजे आपल्या नंदुरबारला जन्मलेले! याच दोघांच्या नावावर पुढं टॅक्सॉल या कॅन्सरच्या दुसऱ्या औषधाचाही शोध आहे, त्याची रचना त्यांच्या गटानं १९७१ मध्ये छापली. कॅन्सरच्या औषधांच्या इतिहासात एवढं मोठं नाव खानदेशातलं आहे हे आपल्या किती पोरांना शाळेत सांगतात कोण जाणे. मग १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं की आपल्याकडच्या नरक्यातही तेच कॅम्प्टोथेसिन आहे, आणि तिथनं या झाडाचे दिवस फिरले. घाटात ठिकठिकाणी चोरून तोड झाली, लाकडाचे तुकडे पोत्यात भरून बाहेर गेले, तोडणाऱ्याला मजुरी तेवढी मिळाली. आता ते झाड धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे.

आता हे रसायन काम कसं करतं ते बघा. पेशी दुप्पट व्हायची असली की आधी डीएनएची नक्कल काढावी लागते, त्यासाठी त्याचा पीळ सोडवावा लागतो, आणि पीळ सोडवायला एक एन्झाइम डीएनएचा एक धागा कापतं, पीळ निघाला की परत जोडतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं त्या कापलेल्या जागी जाऊन अडकतं आणि जोडू देत नाही. पेशी मरते. भराभर वाढणाऱ्या कॅन्सरच्या पेशी जास्त मरतात. प्रयोगशाळेत सगळे खूष.

पण औषध पाण्यात विरघळेना. जे विरघळत नाही ते शिरेतनं देणार कसं? मग त्याचं सोडियमचं मीठ केलं, ते विरघळलं, आणि १९७०च्या दशकात पेशंटना देऊन बघितलं. तर झालं असं की मीठ करताना त्या रेणूतलं एक कडं उघडतं, आणि कडं उघडलं की औषधाचा जोर जातो, आणि नंतर हेच औषध लघवीत उतरलं की तिथल्या आंबटपणामुळं कडं परत मिटतं, म्हणजे गाठीजवळ जे झोपलेलं होतं ते मूत्राशयात जाऊन जागं झालं. पेशंटना लघवीतनं रक्त जायला लागलं, रक्तातल्या पेशी घसरल्या, चाचण्या थांबवाव्या लागल्या. औषध खरं होतं, खोटं नव्हतं, फक्त ते माणसाच्या अंगातनं न्यायचं कसं हे जमेना, आणि त्यापायी वीसेक वर्षं गेली. १९९६ मध्ये त्याचे दोन सुधारलेले भाऊ, टोपोटेकान आणि इरिनोटेकान, अमेरिकेत मंजूर झाले. आमच्याकडं इरिनोटेकान जवळजवळ रोज निघतं, जुलाबाच्या भीतीनं त्यासोबत काय गोळ्या द्यायच्या, कधी द्यायच्या हे सगळं कागदावर लिहून देतो. आणि २०१५ मध्ये तेच इरिनोटेकान चरबीच्या बारीक पिशवीत भरून स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. म्हणजे १९६६ ते २०१५, आणि या सगळ्या वर्षांत मूळ रसायन तेच, धडपड सगळी वाहून नेण्याची.

टॅक्सॉलची गोष्ट याच घराण्यातली. पॅक्लिटॅक्सेल, म्हणजे तेच टॅक्सॉल, हेसुद्धा पाण्याला दाद देत नाही, म्हणून ते एरंडेलापासनं बनवलेल्या एका तेलकट द्रावकात विरघळवतात. होय, तेच एरंडेल, नुसती त्यावर रासायनिक प्रक्रिया केलेली असते. या द्रावकानं काही जणांना जोरात रिॲक्शन येते, तोंड लाल होतं, छाती आवळते, बीपी पडतं. म्हणून आधी स्टिरॉइड, ॲलर्जीचं इंजेक्शन, ॲसिडिटीचं इंजेक्शन, मग तीन-तीन तासांचं सलाइन, नळीला बारीक गाळणी, नळीसुद्धा साध्या प्लास्टिकची चालत नाही कारण द्रावक त्या प्लास्टिकमधलं रसायन ओढून घेतं. पेशंटला वाटतं औषध कडक आहे, पण निम्मा त्रास औषधाचा नसून त्याच्या सोबत्याचा असतो. २००५ मध्ये अमेरिकेत याच पॅक्लिटॅक्सेलला रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनात बांधून साधारण १३० नॅनोमीटरचे कण केलेलं औषध मंजूर झालं. द्रावक गेलं, त्याच्याबरोबर रिॲक्शनची ती भीती बरीचशी गेली, अर्ध्या तासात सलाइन संपतं. हातापायाला मुंग्या मात्र यातही येतात, कधी कधी जास्तच, हे पण सांगितलं पाहिजे.

नॅनोमीटर म्हणजे किती ते राहिलंच. एक मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की एक. रक्तातली लाल पेशी साधारण सात हजार नॅनोमीटरची. औषध वाहणारे कण बहुतेक ५० ते २०० च्या दरम्यान ठेवतात, आणि त्याला कारण आहे. पाच-सहाच्या खाली गेलं की किडनी गाळून टाकते, दोनशेच्या फार वर गेलं की प्लीहा पकडते. हा आकडा शरीरानंच ठरवून दिलेला आहे.

आता आत्याचं सांगते. माझी आत्या निपाणीजवळची, तिला काही वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला, ऑपरेशन, किमो सगळं झालं, आणि मग तो हाडात परत आला. मधल्या काळात हार्टचा त्रास सुरू झाला होता, इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग कमी. डॉक्टरांना डॉक्सोरुबिसिन द्यायचं होतं, पण साधं डॉक्सोरुबिसिन हृदयाचे स्नायू खातं, आयुष्यात एकूण किती घ्यायचं याला मर्यादा आहे, आणि आत्याच्या हृदयाला तेवढंही परवडणारं नव्हतं. म्हणून लायपोसोमल, म्हणजे चरबीच्या पिशवीत भरलेलं, डॉक्सोरुबिसिन दिलं.

हे डॉक्सोरुबिसिन मूळचं इटलीतल्या एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीतल्या जिवाणूपासनं आलेलं, रंगानं लालभडक. साधं औषध हूडखाली धरलं तर आरपार दिसतं. लायपोसोमल तसं नाही, ते लालच पण धुरकट, उजेड त्यातनं सरळ जात नाही. कारण त्यात औषध मोकळं नसतंच, शंभरेक नॅनोमीटरच्या चरबीच्या पिशव्या असतात आणि एकेका पिशवीत डॉक्सोरुबिसिनचे दहा-पंधरा हजार रेणू खड्याच्या रूपात गोठून बसलेले. भरण्याची युक्ती मला अजूनही थक्क करते, पिशवीच्या आत अमोनियम सल्फेट ठेवतात, बाहेरनं औषध आत शिरतं आणि शिरलं की सल्फेटबरोबर खडा होऊन बसतं, परत बाहेर यायची वाट बंद. पिशवीवरनं पेग नावाच्या पॉलिमरचे लांब धागे लावतात, त्यामुळं रक्तातली प्रथिनं तिला चिकटत नाहीत आणि यकृताच्या झाडूवाल्या पेशींना ती चटकन ओळखू येत नाही. हे काम जेरुसलेमच्या बारेनहोल्झ आणि गाबिझॉन यांचं, १९९५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं, कॅन्सरचं पहिलं नॅनो औषध म्हणून सगळीकडं याचंच नाव घेतात. तयार करताना मी साधं सलाइन वापरत नाही, ५ टक्के डेक्स्ट्रोजच लागतं, आणि गाळणी लावायची नाही. सुरवातीला मिनिटाला १ मिलिग्रॅम, त्याहून घाई नाही, कारण पहिल्या काही मिनिटांतच कुणाची पाठ भरून येते, कुणाला धाप लागते. आत्याला काही झालं नाही. ती खुर्चीत बसून शेजारच्या गोकाककडच्या अक्कांशी आपल्या मोडक्या कन्नडमधे बोलत होती, त्यांना मराठी येत नव्हतं, तरी दोघींनी सुनांविषयी तासभर काढला.

त्रास आला तो पुढच्या डोसांनंतर, तळहाताला आणि तळपायाला. पेगमुळं पिशव्या रक्तात दिवसेंदिवस फिरत राहतात, आणि जिथं दाब पडतो, घासतं, ऊब लागते तिथं बारीक शिरांमधनं त्या कातडीत उतरतात. आधी लाली, मग आग, मग साल निघते. मी घरी गेले तर आत्या परातीपुढं. जोंधळ्याची भाकरी थापत होती, चुलीजवळ, गरम पाण्यात पीठ मळून. दाब, घासणं आणि ऊब, तिन्ही एकाच कामात! "झोंबालंय गे जरा," म्हणाली, आणि हात पुढं केला तर अंगठ्याच्या खालचा उंचवटा लाल, चकचकीत, एका जागी फोड. कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की हाताला घर्षण होईल असं काम टाळा, उदाहरण म्हणून बागकामाची अवजारं वगैरे. भाकरी कुठं असणार त्यात. "थापू नको म्हणालीस तर घरात खायचं काय?" हे तिचं म्हणणं. शेवटी आठवडाभर सुनेनं थापल्या, आत्यानं गार पाण्यात हात बुडवून बसायचं, घट्ट चप्पल बंद, धुणं बंद, आणि डॉक्टरांनी पुढचा डोस जरा लांबवला, थोडा कमी केला. त्यानंतर मी आमच्या पेशंटना देतो त्या कागदावर कन्नड आणि मराठी दोन्हीत "भाकरी थापू नका" हे वेगळं लिहून घेतलं. लेख वाचणाऱ्या कुणाच्या घरी हे औषध चालू असेल तर लक्षात ठेवा, डोस सुरू असताना हातापायाला थंड पॅक लावायचीही पद्धत आहे, विचारून घ्या.

पण आत्याचं हृदय टिकलं. इको खाली आला नाही. ज्या औषधाला तिच्या बाबतीत डॉक्टरांनी हातच लावला नसता ते तिला मिळालं, हाडाचं दुखणं बरंच कमी झालं, नातवाच्या बारशाला ती बसायला होती. नॅनोनं दिलं ते हे.

मग नेम धरून गाठीवर जाण्याचं काय? १९८६ मध्ये जपानच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं की गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या, भोकं पडलेल्या असतात, त्यातनं मोठे कण बाहेर झिरपतात आणि तिथला निचरा नीट नसल्यानं साचून राहतात. नॅनो औषधांचं पुढचं सगळं स्वप्न यावर उभं राहिलं. उंदरांत ते छान दिसतं, कारण उंदराची गाठ थोड्या आठवड्यांत फुगवलेली असते. माणसाची गाठ वर्षानुवर्षं वाढलेली, एका पेशंटची एक तऱ्हा, दुसऱ्याची दुसरी, एकाच पेशंटच्या दोन गाठीसुद्धा सारख्या नसतात. २०१६ मध्ये टोरांटोच्या एका गटानं आधीच्या दहा वर्षांतले शोधनिबंध चाळून हिशोब मांडला, की टोचलेल्या नॅनो कणांपैकी गाठीपर्यंत किती पोचतात. मधला आकडा आला ०.७ टक्के. आणि हे प्राण्यांमधले प्रयोग बरं का. आपल्याकडनं रोज पहाटे भाजीच्या गाड्या चोर्ला घाटातनं गोव्याला जातात, समजा शंभर सुटल्या आणि मडगावला एकसुद्धा धड पोचली नाही, बाकीच्या बहुतेक वाटेतल्या नाक्यांवरच उतरवून घेतल्या, असा तो हिशोब. नाके म्हणजे यकृत आणि प्लीहा. त्यांचं काय चुकलं, रक्तातला परका कण उचलणं हे त्यांचं कामच आहे.

हा आकडा वाचून बऱ्याच जणांनी नॅनोवर फुली मारली. मला ते पटत नाही. साधं औषधही सगळ्या अंगात पसरतं आणि गाठीच्या वाट्याला थोडंच येतं, शिवाय नॅनोचा फायदा गाठीत किती गेलं एवढ्यावर मोजायचा नसतो, हृदयात किती गेलं नाही यावरही मोजायचा असतो.

आता हायब्रिड, म्हणजे मिश्र कण. एकाच मटेरियलनं सगळं जमत नाही म्हणून दोन-तीन जातीची मटेरियल एकत्र करायची, ही त्यामागची कल्पना. चरबीची पिशवी शरीराला परकी वाटत नाही पण नाजूक, गळते. पॉलिमरचा गोळा मजबूत, औषध हळूहळू सोडतो, पण रक्तात चटकन ओळखला जातो. मग आत पॉलिमर, वर चरबीचा थर, त्यावर पेग. आतला पॉलिमर बहुतेक वेळा पीएलजीए, म्हणजे विरघळणाऱ्या टाक्यांच्या दोऱ्यात वापरतात त्यातलाच, शरीरात त्याचं लॅक्टिक आणि ग्लायकोलिक ॲसिड होऊन निघून जातं. किंवा आत सिलिका, म्हणजे वाळू-काचेतला पदार्थ, ज्यात काही नॅनोमीटरची असंख्य छिद्रं असतात, त्यात औषध भरून तोंडाशी चरबीचं किंवा पॉलिमरचं झाकण, आणि हे झाकण आंबटपणा वाढला की उघडेल असं केलेलं, कारण गाठीच्या आत आणि पेशीच्या पोटात आंबटपणा जास्त असतो. किंवा आत लोहाचा ऑक्साइड, म्हणजे एमआरआयमध्ये दिसेलही आणि बाहेरनं चुंबकीय क्षेत्र उलटसुलट केलं की तापेलही. एकाच कणानं दाखवायचं, औषध सोडायचं आणि तापवायचं. कागदावर हे इतकं सुंदर दिसतं की वाचताना माझंही मन हरखतं.

माणसांपर्यंत काय आलं? सोन्याचं बघा, कारण विचारणारे सगळे सोन्याचंच विचारतात. सिलिकाचा गाभा आणि वर सोन्याचं पातळ कवच, हे काम अमेरिकेत राइस विद्यापीठात नाओमी हलास आणि जेनिफर वेस्ट यांनी केलं. कवचाची जाडी बरोबर ठेवली तर हे कण नेमका तो लालच्या पलीकडचा प्रकाश शोषतात जो आपल्या मांसातनं बऱ्यापैकी आत जातो, आणि तापतात. प्रोस्टेट कॅन्सरच्या १६ पेशंटवर केलेल्या सुरवातीच्या अभ्यासाचे निकाल २०१९ मध्ये छापून आले, गाठीची जागा जळाली, मोठा त्रास झाला नाही. चांगली बातमी आहे. पण १६ पेशंट, आणि एका जागी बसलेली छोटी गाठ, लेसरची नळी थेट तिथं घालता येते अशी. हाडात पसरलेल्या आजाराला हे नाही चालणार. लोहाच्या कणांचा उपचार युरोपात २०१० मध्ये मेंदूच्या गाठीसाठी मंजूर झाला, त्यात द्रव सरळ गाठीत टोचतात, आणि चुंबकीय क्षेत्रात बसवायच्या आधी दातात भरलेला धातूसुद्धा काढावा लागतो. हॅफनियम या धातूच्या ऑक्साइडचे कण २०१९ मध्ये युरोपात मंजूर झाले, सार्कोमासाठी, म्हणजे स्नायू-चरबीच्या कॅन्सरसाठी, तेही गाठीत टोचून मग रेडिएशन. १८० पेशंटच्या चाचणीत गाठ जवळपास पूर्ण मेलेली आढळली ती १६ टक्क्यांत, नुसत्या रेडिएशनच्या गटात ८ टक्क्यांत.

एक गोष्ट लक्षात आली का? लोह काय, हॅफनियम काय, दोन्ही सरळ गाठीत टोचलेले. रक्तातनं गाठ शोधत जाण्याचा तो सगळा अवघड प्रवास त्यांनी टाळलाच. मला वाटतं जोवर यकृताच्या नाक्याचं काही होत नाही तोवर धातूवाल्या कणांची वाट बरीचशी अशीच राहणार. त्यात सोनं शरीरात विरघळत नाही, यकृतात जाऊन बसलं तर बसूनच राहतं. लोहाचं तसं नाही, ते शरीर वापरून टाकतं. म्हणून कुठला धातू आहे हे विचारलंच पाहिजे, नुसतं नॅनो म्हणून चालत नाही.

जाता जाता सुवर्णभस्माचं. "आपल्या आयुर्वेदात हे आधीच होतं" असं म्हणून कुणीतरी भस्माच्या पुडीचा फोटो पाठवतं. भस्मात सोन्याचे बारीक कण असतात हे खरं. पण तोंडानं घेतलेले कण आणि आकार, वरचं आवरण, डोस सगळं ठरवून शिरेतनं किंवा गाठीत दिलेले कण ही एक गोष्ट नाही. किमो चालू असताना कृपा करून कुठलंही भस्म डॉक्टरांना न सांगता घेऊ नका. यकृताचे रिपोर्ट बिघडलेले बघून आम्हाला डोस थांबवावे लागतात आणि त्यात पेशंटचा वेळ जातो, तो वेळ परत मिळत नाही.

नेम धरण्याच्या बाबतीत आज सगळ्यात पुढं गेलंय ते दुसऱ्याच बाजूनं, अँटीबॉडीला, म्हणजे ठरावीक पेशींनाच जाऊन चिकटणाऱ्या प्रथिनाला, औषध जोडून. २०१९ आणि २०२० मध्ये मंजूर झालेली दोन, ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकान आणि सॅसिटुझुमॅब गोविटेकान, स्तनाच्या कॅन्सरमध्ये खूप बोलबाला झालेली. आणि त्या अँटीबॉडीला जोडलेलं जहर कुठल्या कुळातलं, तर कॅम्प्टोथेसिनच्या. आमच्या नरक्याच्या! पण यांतही फुफ्फुसाला सूज, जुलाब, पांढऱ्या पेशी घसरणं हे आहेच, आणि किंमत बघितली की नातेवाईक गप्प होतात.

हे सगळं बनवणंही सोपं नाही. २०११ मध्ये लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन बनवणाऱ्या अमेरिकेतल्या कारखान्याचं उत्पादन अडकलं आणि तिकडच्या पेशंटचे डोस थांबायची वेळ आली. साधी गोळी असती तर दुसऱ्या कुणी चटकन केली असती. पिशवीचा आकार, आतला खडा, वरचे धागे, सगळं दर बॅचला तेच यायला पाहिजे, नाहीतर औषध तेच पण अंगात वागणार वेगळं. शेवटी फेब्रुवारी २०१२ मध्ये अमेरिकेनं आपल्या सन फार्माचं लिपोडॉक्स तात्पुरतं आयात करायला परवानगी दिली, आणि पुढच्या वर्षी सनचं जेनेरिक तिथं रीतसर मंजूर झालं. ही गोष्ट मला दर वेळी सांगावीशी वाटते. चरबी आणि पेग एवढ्यावर एवढी कसरत, मग सिलिका, सोनं, पॉलिमर, अँटीबॉडी असे चार थर असलेला हायब्रिड कण दर बॅचला सारखा बनवायचा, त्यातल्या प्रत्येक थराचं शरीरात पुढं काय होतं ते सरकारी तपासणीला दाखवायचं, हे किती अवघड असेल. म्हणून शोधनिबंध हजारोंनी आणि फ्रिजमधल्या बाटल्या हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या.

आणि आपला भाग. निपाणी-चिकोडी हा तंबाखूचा पट्टा, १९८१ मध्ये शरद जोशींनी इथल्या शेतकऱ्यांना घेऊन भावासाठी आंदोलन केलं होतं. पिकाचे पैसे आले तसे त्याचे भोगही आले. बायका वखारीत तंबाखूच्या धुळीत राबल्या, आणि घरी मिश्री. आमच्याकडं येणाऱ्या म्हाताऱ्यांच्या उजव्या हाताची तर्जनी बघितली तरी कळतं, नखाच्या कडेनं काळपट-तपकिरी डाग, वर्षानुवर्षं हिरडीवर फिरवलेलं ते बोट. तोंड दोन बोटांहून जास्त उघडत नाही अशा अवस्थेत येतात. तोवर गालात एक चट्टा होता, तो दुखत नव्हता, म्हणून कुणाला दाखवला नाही. अशा आजारात कुठला कण किती नॅनोमीटरचा याला फार अर्थ उरत नाही.

त्यात कागदांचा घोळ. कुणाकडं आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकचं कार्ड, कुणी कोल्हापूर-मिरजेला जाणारा, कुणी हुबळीला. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, त्यावरनं दोन्ही बाजूंनी भाषणं झाली. काउंटरपुढं उभा असलेल्या माणसाचा प्रश्न एवढाच असतो की यातलं कुठलं कार्ड आज चालंल, आणि लिहून दिलेलं औषध त्यात बसतं की नाही. साधं पॅक्लिटॅक्सेल बसत असेल तर ते घ्यावं, अल्ब्युमिनवाल्यासाठी म्हैस विकू नये, असं मी तोंडावर सांगते. जिथं हृदय कमकुवत आहे, जिथं द्रावकाची रिॲक्शन आली आहे, तिथं मात्र महागडं औषध खरोखर वेगळं ठरतं, तिथं भांडून का होईना मिळवावं.

तर बातम्या पाठवा, मी वाचते, मनापासनं वाचते, कारण त्यातलंच एखादं दहा वर्षांनी माझ्या हूडखाली येणार आहे. पण विचारायचंच असेल तर बातमीबरोबर पेशंटच्या बायोप्सीचा कागद, इकोचा रिपोर्ट आणि आजवर घेतलेल्या औषधांची यादी पण पाठवा, नाव झाकून पाठवलं तरी चालेल. आणि घरात कुणाच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम दोन-तीन आठवड्यांच्या वर टिकून असेल तर बातमी राहू दे, आधी त्यांना दातांच्या नाहीतर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं घेऊन जा.